पेल्यातले दात

परवा दुपारी मी चष्मा शोधत बाबांच्या खोलीत गेले (डोक्यावरच होता, नेहमीसारखा) तर खिडकीत पेल्यामध्ये त्यांची कवळी हसत होती. म्हणजे कवळी काय हसणार, पण पाण्यात दात मोठे दिसतात, त्यात वरची खालचीवर अशी कलंडलेली की वाटावं कोणाला तरी हसू आवरत नाहीये. बाबा शेजारी झोपलेले, तोंडाचं बोळकं. हा शब्द पण बघा ना, तान्ह्या बाळाला आणि म्हाताऱ्या माणसाला एकच.

दात गेले की आधी बोलणं बिघडतं. त, थ, द, ध सगळे दंत्य, जिभेला टेकायला दात हवा, त्यामुळे कवळी काढली की बाबांना 'दात' हाच शब्द धड म्हणता येत नाही. मग फोन वाजला की लांबूनच हाताने नाही नाही करतात.

आणि मला एकदम आजीची कवळी आठवली. मी सात-आठ वर्षांची असेन. आजी रात्री कवळी पेल्यात ठेवायची, आणि माझी खात्री होती की दिवे गेल्यावर ती आपली आपण बडबडते. एकदा आजीला मदत करायची लहर आली, स्वच्छ म्हणजे गरम पाणी एवढंच शास्त्र तेव्हा पाठ, मी चांगलं वाफा येणारं पाणी ओतलं पेल्यात. ॲक्रिलिक तेवढ्या गरम पाण्यात वाकडं होतं हे मला काय माहीत. सकाळी आजी आरशासमोर उभी, बसवतेय, काढतेय, परत अंगठ्याने दाबून बसवतेय, आणि एक बाजू उचललेलीच. मी दाराआड. आईने विचारलं तर म्हणाली, "अगं पडली माझ्याच हातून." पुढे कितीतरी दिवस हसू आलं की तोंडावर हात. तिला कळलं होतं की नाही हे मी कधीच विचारलं नाही.

मला खोड आहे, जिभेने दात मोजत बसायची. मीटिंगमध्ये, रांगेत, कुठेही. दोन अक्कलदाढा काढल्या, एक दाढ मी निव्वळ आळसाने घालवली, राहिले २९. जपानमध्ये १९८९पासून मोहीम आहे, ८०व्या वर्षी तोंडात स्वतःचे २० दात असावेत म्हणून. म्हणजे माझे अजून ९ गेले तरी पास.

बाबांचा स्कोअर शून्य. मला आपलं वाटायचं की दातच नाहीत तर दातांची कटकट पण संपली. कसली संपतेय. दात गेले की जबड्याचं हाड वर्षानुवर्षं झिजत राहतं, कवळी मात्र तीच, मग ती हलते, घासते. त्यात बीपीच्या काही गोळ्यांनी तोंड कोरडं पडतं, आणि लाळच नसेल तर कवळी धरून राहणार कशाच्या जोरावर? मी रोज विचारते, गोळी घेतली का, शुगर किती आली, झोप लागली का. तोंड उघडा असं एकदाही म्हटलं नव्हतं. पोरांना 'आ कर' म्हणतो आपण, बापाला कसं म्हणायचं?

त्या दिवशी ते उठल्यावर म्हटलं. आधी चिडले, मग उघडलं. खालच्या हिरडीवर डावीकडे लालभडक चट्टा, मधे पांढरट.

"किती दिवस झाले?"

"झाले थोडे."

"थोडे म्हणजे?"

"महिना असेल."

आणि मी महिनाभर सगळ्यांना सांगत होते, बाबा हल्ली जेवायला फार वेळ लावतात.

डेंटिस्टने मलाच झापलं. तोंडातली जखम दोन आठवड्यांत भरली नाही तर दाखवायची असते, एवढं साधं. सध्या कवळी काढून ठेवा, दोन आठवड्यांनी परत या, बरं वाटलं तरी या, आणि जखम भरली की नवीनच करू, ही आता बसायची नाही.

परत येताना बाबा गाडीत गप्प होते. बिनकवळीचे बोलत नाहीतच म्हणा. मग सिग्नलला थांबलो तेव्हा तोंडावर हात धरून म्हणाले, "नवीन किती वर्षं टिकते गं?"

म्हटलं, "पाच-सात वर्षं तरी."

"मग पुरेल की."