कार्पेट क्लीनरचा पंप: पाणी आणि वीज दोन्ही मार्गी

गालिच्यावर पाणी फवारून ते परत ओढून घेणाऱ्या जुन्या पोर्टेबल कार्पेट क्लीनरचं काम या आठवड्यात चांगलं पुढे सरकलं. मशीन हाती आलं तेव्हाच त्यातल्या सोलेनॉइड पंपाची कॉइल जळालेली होती. घरगुती कॉफी मशीनमध्येही याच जातीचा पंप असतो: कॉइल, स्प्रिंगवरचा दट्ट्या आणि एक डायोड. आपल्याकडच्या ५० हर्ट्झवर दट्ट्या सेकंदाला ५० वेळा पुढेमागे होतो. जागा कमी घेतो, पण पाण्याविना चालला की पटकन तापतो. त्याऐवजी १२ व्होल्टचा डायफ्राम पंप बसवला, बॅटरीच्या फवारणी पंपात असतो तसाच. कृषी सेवा केंद्रात तो मिळतो, डायफ्राम (पाणी ढकलणारा रबरी पडदा) आणि प्रेशर स्विचही (दाब पुरेसा झाला की पंप बंद करणारा) सुटे मिळतात. दुरुस्त करता येईल असाच पंप मला हवा होता.

जास्त वेळ गेला तो सक्शनच्या, म्हणजे पंपात पाणी येतं त्या बाजूला. पंप टाकीच्या तळाखाली घेतला, म्हणजे पाणी आपल्या वजनानेच आत येतं. शेतातल्या मोटारीने हवा धरली की ती नुसतीच फिरत राहते, तसंच इथेही होतं: दाब तयार होत नाही, त्यामुळे प्रेशर स्विच वीज तोडत नाही आणि पंप चालूच राहतो. सक्शनच्या जोडातून बाहेर थेंबही न पडता आत हवा ओढली जाऊ शकते, म्हणून पंपाच्या तोंडाशी पारदर्शक नळीचा तुकडा ठेवला. बुडबुडे लगेच दिसतात. बाकीची नळी जाळीदार घेतली, कारण साधी पीव्हीसी नळी कोमट पाण्याने मऊ पडून ओढीने चपटी होते. टाकीच्या झाकणाला हवेचं भोक आहे का, हेही नक्की बघा. ते बुजलं की टाकीत पोकळी तयार होते आणि फवारा हळूहळू मरतो. पंपाआधी बारीक जाळी हवीच. व्हॉल्व्हखाली एक कण अडकला तरी दाब टिकत नाही आणि ट्रिगर बंद असतानाही पंप अधूनमधून सुरू होतो.

आता वीज. पंपावर ४ अँपिअर लिहिलेले असले तरी सुरू होताना तो क्षणभर त्याहून कितीतरी जास्त खेचतो. त्यामुळे ५ अँपिअरचा एसएमपीएस (२३० व्होल्टचे १२ व्होल्ट करून देणारा वीजपुरवठा) ओव्हरलोड समजून बंद-चालू होत राहण्याची शक्यता असते. मी सरळ १० अँपिअरचा लावला, ओलाव्यापासून दूर, वेगळ्या डब्यात. तिथून पंपापर्यंत २ मीटर वायर आहे. ०.५ चौरस मिलिमीटरची वायर घेतली तर ४ अँपिअरला जाऊन-येऊन ०.६ व्होल्ट वाटेतच जातात. १.५ ची घेतली की ही घट ०.२ वर येते. व्हॅक्यूम मोटर अजून २३० व्होल्टवरच आहे, म्हणून मशीनला अर्थिंग आणि प्लगमागे ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) यात तडजोड नाही.

पंपावर छापलेले लिटर उघड्या तोंडाचे असतात; नोझल लावलं की प्रवाह बराच कमी होतो. सोफ्याला आणि पातळ गालिच्याला मात्र तेवढं पुरतं, जास्त पाणी मारलं तर ते परत ओढून घेणंच अवघड जातं.

गरम पाण्याची चाचणी अजून बाकी आहे. फवारणीचे पंप थंड पाण्यासाठी बनवलेले असतात, त्यामुळे तूर्त कोमटच वापरतोय. कोणी अशा पंपात ईपीडीएम रबराचे व्हॉल्व्ह बसवून पाहिले असतील, तर ते क्षारयुक्त शाम्पूत कसे टिकले हे जरूर कळवा.