महाबळेश्वरला न वळता पूर्वेला: लिंब, औंध, आटपाडी, वडगाव, मिरज, तीन दिवस

पाहुणे आले की साताऱ्यातल्या घरात ठरलेलंच असतं, कास, ठोसेघर, फार तर सज्जनगड, आणि निघताना कंदी पेढ्यांचे दोन बॉक्स. यावेळी मेव्हणा नागपूरहून आला आणि त्याचं हे सगळं दोनदा बघून झालेलं. बायको म्हणाली मग माझ्या आजोळच्या बाजूला चला की, खटाव, विटा, कडेगाव, तिकडं कोण जातंय. खरंच कोण जात नाही. हायवेवरून पश्चिमेला वळणाऱ्या गाड्यांची रांग असते आणि पूर्वेला वळणारी एसटी असते फक्त. डिसेंबरचा दुसरा आठवडा, आम्ही दोघं, चौथीतली मुलगी आणि मेव्हणा, परत येईपर्यंत साडेचारशेच्या आसपास किलोमीटर झाले.

सकाळी सातला निघून आधी लिंबला गेलो. हे खरंतर उलट्या दिशेला, पुण्याकडं जाताना हायवे सोडून आत, पण बारा मोटेची विहीर न दाखवता पाहुण्याला पुढं न्यायचं मला पटेना. वीरूबाई भोसल्यांनी १७१९ ते १७२४ मध्ये बांधून घेतलेली, तसा शिलालेखच आहे तिथं. वरून बघितली तर शिवलिंगासारखा आकार, मुख्य विहीर अष्टकोनी, खोली ११० फूट, आणि पायऱ्या उतरून आत गेलं की चक्क महाल, म्हणजे पाण्याच्या मधोमध दगडी खांबांची खोली, वर बसायला जागा. थोरले शाहू महाराज इथं येऊन बसायचे असं गावातले सांगतात. मोटा, म्हणजे बैलांनी विहिरीतनं पाणी ओढायच्या चामडी पिशव्या, त्या लावायच्या जागा पंधरा आहेत पण नाव बारा मोटेची. मेव्हण्यानं विचारलं मोट म्हणजे काय, तर तिथं बसलेल्या एका आजोबांनी बैल मागं कसे सरायचे, चामड्याची सोंड कशी सुटायची, हे हातवारे करून असं सांगितलं की मुलगी अर्धा तास हलली नाही. सकाळी नऊच्या आत जा, तेव्हा ऊन वरून तिरकं आत येतं आणि गर्दी नसते. लहान पोरं असतील तर हात सोडू नका, कठडे सगळीकडं नाहीत.

तिथनं परत साताऱ्यावरून रहिमतपूर मार्गे औंध. मला या ट्रिपमध्ये सगळ्यात जास्त सांगायचंय ते औंधबद्दल, कारण पुढं जिथं जिथं गेलो तिथं या गावाचा धागा निघत गेला. संस्थान केवढं, तर ७२ गावांचं, तीही एका जागी नाहीत, इथं चार तिथं दहा अशी विखुरलेली. आणि राजा कोण तर बाळासाहेब पंतप्रतिनिधी, स्वतः चित्रकार, कीर्तनकार, आणि सूर्यनमस्काराचं इतकं वेड की संस्थानातल्या सगळ्या शाळांत सूर्यनमस्कार सक्तीचे. १९३९ साली या माणसानं गांधीजींच्या सल्ल्यानं राज्यघटना केली आणि आपला अधिकार गावपंचायतींच्या हातात दिला, स्वातंत्र्याच्या आठ वर्षं आधी. मला हे शाळेत कुणी शिकवलं नाही याचं आजही वाईट वाटतं, मी साताऱ्यात शिकूनसुद्धा.

यमाईच्या डोंगरावर अर्ध्या वाटेत भवानी म्युझियम आहे, १९३८ चं. बाहेरून साधी इमारत, आत गेल्यावर रविवर्म्याची मूळ चित्रं, बंगाल शैलीची चित्रं, युरोपातल्या प्रसिद्ध पुतळ्यांच्या प्रतिकृती आणि जगप्रसिद्ध इंग्रज शिल्पकार हेन्री मूरचं आई आणि मुलाचं दगडातलं शिल्प, ओरिजिनल. खटाव तालुक्यात. आम्ही गेलो तेव्हा त्या शिल्पासमोर शेजारच्या गावची शाळेची सहल बसलेली, बाई पोरांना सांगत होत्या आई कुठंय बाळ कुठंय शोधा. इथं किमान दोन तास द्या, आम्ही एकच ठेवलेला आणि शेवटची दालनं पळत बघावी लागली. सुट्टीचा वार आधी विचारून घ्या, फोटोचंही दारातच विचारा. वर यमाईच्या देवळापर्यंत गाडी जाते पण पायऱ्यांनी चढलात तर खालचा सगळा दुष्काळी पट्टा दिसतो, मग पुढचा प्रवास कळतो. जेवण गावात साधंच मिळतं, भाकरी, पिठलं, ठेचा, दुपारी दोनच्या आत पोचलात तर.

मुक्काम विट्याला. या भागातली गलाई माणसं म्हणजे सोनं-चांदी गाळणारे, ते पार पंजाबपासून केरळपर्यंत पसरलेत, शेती पिकेना म्हणून पिढ्यापिढ्या बाहेर पडले. त्यामुळं रस्त्यानं माळावर मधेच तीन मजली बंगले दिसतात आणि दाराला कुलूप, ते जत्रेला नाहीतर दिवाळीला उघडणार. विट्यात लॉज बऱ्यापैकी आहेत पण आमच्या लॉजवर पहाटे गरम पाणी आलंच नाही आणि बिलात मात्र जादा गादीचे पैसे, तेव्हा रेट आणि पाणी दोन्ही आधी बोलून घ्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी आटपाडी. रस्ता भिवघाटावरून, दोन्हीकडं डाळिंबाच्या बागा आणि मधे नुसतं उघडं माळ. इथं बघायचं ते स्वतंत्रपूर, आणि तेही लांबूनच बघायचं. कैद्यांची वसाहत आहे ती, भिंतीशिवायची. १९३९ मध्येच औंधच्या त्याच राजानं, मॉरिस फ्रीडमन नावाच्या पोलंडच्या इंजिनिअरच्या कल्पनेवरून सुरू केलेली (आटपाडी औंध संस्थानातच होती). जन्मठेपेचे कैदी बायकापोरांना घेऊन राहतात, शेती करतात. व्ही. शांतारामांचा १९५७ चा 'दो आँखें बारह हाथ' याच वसाहतीवरून सुचलेला. आम्ही रस्त्याच्या कडेला गाडी थांबवून दहा मिनिटं उभं राहिलो, शेतात दोन माणसं दारं धरत होती, म्हणजे पिकाला पाणी पाजत होती, बस, एवढंच, कुठल्याही शेतात दिसेल असं. तेच तर बघायचं होतं. आत परवानगीशिवाय जायचं नाही, कॅमेरा काढायचा नाही, तिथं माणसांची घरं आहेत. आटपाडीत पेट्रोल भरून घ्या, हवा पण चेक करा, आमचं एक चाक भिवघाटाच्या अलीकडं बसलं आणि पंक्चरवाला येईपर्यंत तास गेला.

दुपारी परत विट्यावरून कडेगाव. कडेगावचे मोहरमचे ताबूत ऐकून असाल, बांबूचे, गगनचुंबी, आधी कळस बांधायचा मग खाली खाली पाया, आणि मान हिंदू घरांकडंसुद्धा. आम्ही गेलो तेव्हा मोहरम नव्हता, त्यामुळं नुसती ताबूत उभे राहतात ती जागा बघितली. तुम्ही तारीख बघून या. बायको लहानपणी आजोबांच्या खांद्यावर बसून ताबुतांच्या भेटी बघायची, ती त्या चौकात बराच वेळ उभी होती.

पण कडेगाव तालुक्यात मला पोचायचं होतं ते संध्याकाळी सातच्या आत मोहित्यांच्या वडगावला. गाव तीनेक हजारांचं. सातला भैरवनाथाच्या देवळावरचा भोंगा वाजतो आणि सगळ्या गावात टीव्ही, मोबाईल बंद, दीड तास, साडेआठला परत भोंगा. ऑगस्ट २०२२ पासून. लॉकडाऊनमध्ये पोरांच्या हातात अभ्यासाला मोबाईल दिले ते परत निघेनात म्हणून गावानं बसून ठरवलं, बायकांनी त्यात पुढाकार घेतला, शिक्षक आणि अंगणवाडीच्या ताई दारोदार फिरल्या.

आम्ही साडेसहाला देवळाच्या कट्ट्यावर बसलो. कुठल्यातरी घरातनं सिरियलचा आवाज येत होता, गोठ्यात धारा चाललेल्या. भोंगा झाला आणि एकेक आवाज बंद होत गेला, मग गुरांच्या गळ्यातल्या घंटा ऐकू यायला लागल्या. समोरच्या ओसरीवर तीन पोरी दप्तर घेऊन बसल्या. मेव्हण्याला नेमका ऑफिसचा फोन, तर शेजारची आजी म्हणाली, "आवं भोंगा झालाय न्हवं, ठेवा की खिशात, साडेआठला बोला." त्यानं ठेवला. आजीच आमच्या पोरीला म्हणाली, "जा गं बाई, त्यांच्यासंगं बस," आणि ती गेली, पाढे म्हणत बसली त्यांच्याबरोबर. मोठी माणसं काय करत होती तर बोलत होती एकमेकांशी. ऊस कधी तुटणार, कुणाची सून बाळंत झाली. आजीनं चहा दिला, पैसे विचारायची माझी हिंमत झाली नाही.

इथं जाणाऱ्यांना हात जोडून सांगणं, रील करायला जाऊ नका. तो दीड तास तुमचाही फोन बंद पाहिजे. आणि कुणाच्या ओसरीवर बसायचं तर विचारून बसा, पोरांचा अभ्यास चालू असतो. पोरांसाठी गोष्टीची चार पुस्तकं नेलीत तर आनंदानं घेतात.

रात्री पलूसला मुक्काम. डिसेंबरमध्ये हे रस्ते रात्री जपून, ऊसाच्या ट्रॉल्या एकामागं एक दोन दोन जोडलेल्या, मागं लाल दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही. शक्यतो अंधार पडल्यावर लांबचं अंतर ठेवूच नका.

तिसऱ्या दिवशी किर्लोस्करवाडीतून गेलो. १९१० साली निवडुंग आणि नागांचं माळरान होतं ते, लक्ष्मणराव किर्लोस्करांना कारखान्याला जागा दिली ती पुन्हा औंधच्याच राजानं. लक्ष्मणरावांनी वसाहतीच्या रात्रीच्या पहाऱ्याला शिक्षा भोगून आलेले गुन्हेगार ठेवले होते, हे मी मेव्हण्याला सांगितलं तर तो म्हणाला काल आटपाडीत बघितलं तेच की. तेच. शेजारचं कुंडलही औंध संस्थानातलं, क्रांतिसिंह नाना पाटलांच्या प्रतिसरकारचे भूमिगत तिथं आसरा घ्यायचे कारण इंग्रजांच्या पोलिसाला संस्थानात थेट घुसता येत नसे. एवढंसं संस्थान आणि किती जणांना जागा दिली त्यानं.

तासगावला गणपतीच्या देवळाचं सात मजली गोपूर, परशुरामभाऊ पटवर्धनांनी दक्षिणेत बघून इथं उठवलेलं. दर्शन घेऊन बेदाणा घेतला, तिथंच घ्या, बाहेरच्यापेक्षा चांगला आणि स्वस्त. सांगलीत गणपती, भडंग, आणि तिथनं चिंचांच्या झाडांच्या रस्त्यानं हरिपूर, कृष्णा-वारणेचा संगम. इथली हळदीची पेवं ऐकून असाल, जमिनीत खोल खड्डे, तोंड बारीक आणि आत खोलीएवढं पोट, त्यात हळद वर्षानुवर्षं किडीशिवाय राहायची. आत हवा नसते म्हणून उतरण्याआधी कंदील सोडून बघायचे, विझला तर उतरायचं नाही. २००५ च्या महापुरात बरीच पेवं गेली आणि माल कोल्ड स्टोरेजकडं वळला. आता बघायला मिळणं अवघड, गावात कुणा जाणत्या माणसाला विचारलं तर दाखवतात, पण तोंडाशी वाकून बघू नका.

शेवट मिरज. दर्ग्याजवळच्या सतारमेकर गल्लीत दुपारी चारनंतर जा, दुकानं निवांत असतात. हे कारागीर मुळात शिकलगार, तलवारींना धार लावणारे, हत्यारांचं काम संपलं तेव्हा वाद्यांकडं वळले. भोपळे येतात पंढरपूर-मंगळवेढ्याकडून, वाळवून, कापून, भिजवून आकार देतात. मिरजेच्या सतार आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं. किराणा घराण्याचे गायक अब्दुल करीम खाँसाहेबांची कबर दर्ग्याच्या आवारातच आहे, तिथं डोकं टेकवूनच गल्लीत आलो. एका दुकानात काका तंबोऱ्याची जवारी काढत होते, म्हणजे घोडी, तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी, अगदी किंचित किंचित घासायची, तार छेडायची, कान लावायचा, परत घासायची. मशीन नाही, मोजपट्टी नाही. आम्ही पाऊण तास उभे होतो आणि एका क्षणी तीच तार एकदम भरून वाजली, आमच्या पोरीला सुद्धा कळलं, तिनं वळून माझ्याकडं बघितलं.

मेव्हण्याची बायको गाणं शिकते. त्यानं तिथंच तंबोरा सांगितला. लगेच मिळत नाही, थांबावं लागतं, आणि पार्सलनं मागवू नका, आपण येऊन कानानं ऐकून न्या असं काकांनीच सांगितलं. तर तो कोजागिरीनंतर परत येतोय, कारण तेव्हाच औंधला १९४० पासून चालत आलेला संगीत महोत्सव असतो, रात्रभर. गाडी नसेल तर पुणे-मिरज लाईनवर किर्लोस्करवाडी, सांगली, मिरज ही तिन्ही स्टेशनं आहेत, औंधला मात्र साताऱ्याहून एसटीच. आणि अंथरायला सतरंजी आपली न्या, पहाटे लई गार पडतं.