अष्टागरात, शनिवार सोडून

अष्टागर म्हणजे अलिबाग-रेवदंड्याचा किनारपट्टा. तिथे अलिबागच्या इस्राईल आळीतलं सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनामंदिर, बघायचं असेल, तर शनिवार सोडून जा. शुक्रवारी सूर्य मावळला की ज्यूंचा शब्बाथ सुरू होतो आणि शनिवारी अंधार पडल्यावर संपतो. तेवढा वेळ धंदा नाही, चूल पेटवणं नाही. घाण्यावर तेल काढणारे इथले बेने इस्राईल, म्हणजे कोकणातले मराठी ज्यू, शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून गावोगाव त्यांना ‘शनिवार तेली’ हे नाव पडलं. आम्ही रविवारी सकाळी गेलो, तुम्हीही तीच वेळ धरा.

मागेन अबोथ हे सिनेगॉग १८४८ सालचं, आजची वास्तू १९१० ची. आत मूर्ती नाही, तसबीर नाही. मधोमध कठडा असलेला चौथरा, तिथून धर्मग्रंथ वाचतात. यरुशलेमच्या दिशेला, म्हणजे आपल्याकडून पश्चिमेला, पडद्याआड तोराच्या, म्हणजे त्याच धर्मग्रंथाच्या, गुंडाळ्या. पुरुषांनी डोकं झाकायचं, तेव्हा टोपी किंवा मोठा रुमाल बरोबर असू द्या. ओळखपत्र ठेवा आणि फोटो विचारूनच काढा. दार बंद दिसलं तर लगेच माघारी फिरू नका. आळीत विचारलं की किल्ली कुणाकडे ते कळतं.

तिथल्या आजोबांनी मलिद्याबद्दल सांगितलं, ते ऐकताना मी हरखून गेलो. भिजवलेल्या पोह्यांत ओलं खोबरं, साखर, वेलची, सुका मेवा. सोबत फळं आणि प्रेषित एलियाहूची आठवण. लग्न ठरलं, नवस फेडायचा असला की मलिदा होतोच. धर्म ज्यू, पोहे कोकणातले! केहीमकर, पेणकर, रोहेकर, नागावकर ही त्यांची आडनावं ऐका, म्हणजे कोण कुठल्या गावात रुजलं ते समजेल. आता बहुतेक घरं इस्राएलला गेली आहेत. म्हणून माझं कळकळीचं सांगणं, वास्तू बघून लगेच निघू नका, माणसांशी बोला. ती मराठीतच बोलतात.

परंपरा सांगते की बेने इस्राईलांच्या पूर्वजांचं जहाज फुटून सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या आणि नवगावच्या किनाऱ्याला लागल्या. तिथे जुनी दफनभूमी आणि स्मारक आहे. जागा स्मशानाची, तेव्हा सहलीचा गोंगाट नको. अलिबागजवळच्या खंडाळ्यापाशी (घाटातलं खंडाळा नव्हे) सागावला खडकावरच्या खुणा एलियाहूच्या स्वर्गारोहणाच्या मानतात, तिकडे स्वतःची गाडी किंवा रिक्षा हवी.

दुपारनंतर दक्षिणेला निघा. चौलला रामेश्वराचं देऊळ आणि पुढ्यातली पुष्करणी, रेवदंड्याला पोर्तुगीज कोट आणि बेथ एल सिनेगॉग. खाडीवरचा पूल ओलांडला की कोरलई. इथले ख्रिस्ती घरात पोर्तुगीजमधून घडलेली वेगळी बोली बोलतात आणि बाजारात मराठी. माउंट कार्मेल चर्चमध्ये मिस्सा, म्हणजे प्रार्थनाविधी, चालू असेल तर मागच्या बाकावर शांत बसा, मधूनच उठून फिरू नका.

गेटवेहून मांडव्याला बोट, पुढे अलिबागपर्यंत बस. बहुतेक बोटींच्या तिकिटात ही बस धरलेली असते. पावसाळ्यात या बोटी बंद असतात, तेव्हा भाऊच्या धक्क्यावरची रो-रो, म्हणजे गाड्याही नेणारी बोट, चालू आहे का ते आधी बघा. रविवारी संध्याकाळी परतीला फार गर्दी होते. कोरलई करायचं असेल तर मुक्काम रेवदंड्याला ठेवा आणि सोमवारी सकाळी निघा.