ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी अनुदान मागताना

आमची संस्था लहान आहे. ज्यांचे आईवडील दिवाळीच्या सुमारास टोळीबरोबर ऊसतोडीला जातात आणि जी मुलं आजी-आजोबांपाशी गावातच राहतात, त्यांच्यासाठी आम्ही संध्याकाळचे अभ्यासवर्ग चालवतो. मूल गावात राहिलं तर शाळेत राहतं, एवढ्या एका विश्वासावर हे काम उभं आहे. बरीच वर्षं ते ओळखीपाळखीच्या देणग्यांवर चाललं. गावं वाढली तशा देणग्या पुरेनाशा झाल्या, आणि खासगी न्यास, फाउंडेशन, कंपन्यांचा सीएसआर निधी (कंपन्यांनी सामाजिक कामासाठी द्यायचा पैसा) यांच्याकडे रीतसर अर्ज करायचं कार्यकारिणीत ठरलं. सचिव म्हणून ते काम माझ्याकडे आलं. तालुक्याच्या पातळीवर काम करणाऱ्या इतर संस्थांना उपयोग व्हावा म्हणून हे लिहिते आहे.

सुरुवात कागदांपासून झाली. धर्मादाय आयुक्तांकडच्या परिशिष्ट एकवर, म्हणजे संस्थेच्या नोंदीचा जो उतारा सगळे शेड्यूल वन म्हणतात त्यावर, जी नावं आहेत तीच माणसं आज विश्वस्त आहेत का, हे प्रत्येक देणारा पाहतो. जुन्या संस्थांत ही नावं फार वेळा जुळत नाहीत. विश्वस्त बदलला की नव्वद दिवसांत चेंज रिपोर्ट, म्हणजे बदल कळवणारा अर्ज, द्यायचा असतो. तो दिला तरी त्यावर आदेश होईपर्यंत शेड्यूल वनवर जुनंच नाव राहतं. आमच्याकडे दिवंगत अध्यक्षांचं नाव तसंच होतं, आणि बँकेत सही नव्या अध्यक्षांची. यावर उपाय असा की प्रलंबित चेंज रिपोर्टची पोच, सभेचा ठराव आणि मृत्यूचा दाखला एकत्र जोडून, घटनाक्रम सांगणारं अर्ध्या पानाचं पत्र त्यावर लावायचं. त्यांनी विचारण्याआधीच ते द्यायचं. कागदांच्या छाननीत याबद्दल आम्हाला कुणीही दुसरा प्रश्न विचारला नाही.

आयकरातल्या १२ए (संस्थेला करसवलत) आणि ८०जी (देणगीदाराला करसवलत) या नोंदण्या २०२१पासून कायमच्या राहिलेल्या नाहीत, मुदत संपण्याआधी नूतनीकरण लागतं. सीएसआरचा पैसा हवा असेल तर १ एप्रिल २०२१पासून कंपनी कामकाज मंत्रालयाकडे सीएसआर-१ हा फॉर्म भरून क्रमांक घ्यावा लागतो. त्याला विश्वस्ताची डिजिटल सही आणि सनदी लेखापालासारख्या व्यावसायिकाचं प्रमाणपत्र लागतं. स्वयंसेवी संस्थांसाठीच्या नीती आयोगाच्या दर्पण पोर्टलवरची नोंदणीही बहुतेक ठिकाणी मागतात. शेवटच्या तीन वर्षांचे लेखापरीक्षण अहवाल एकाच फाइलमध्ये, सरळ स्कॅन केलेले ठेवा. मोबाइलवर तिरपे काढलेले फोटो पाठवले की समोरच्याचा अर्धा विश्वास तिथेच जातो, असं माझं ठाम मत आहे.

मग प्रश्न आला, मागायचं कुणाकडे. कंपनी कायदा २०१३च्या कलम १३५प्रमाणे ठरावीक आकाराच्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करावी लागते. हे ऐकून वाटतं, पैसा चहूकडे आहे. पण त्याच कलमात आपल्या आसपासच्या भागाला प्राधान्य द्यावं असंही म्हटलं आहे, आणि राष्ट्रीय सीएसआर पोर्टलवर जिल्हावार खर्च पाहिला की कारखानदारी असलेल्या जिल्ह्यांत तो कसा गोळा झालाय ते दिसतं. जिथून माणसं कामासाठी बाहेर पडतात त्या तालुक्यात कंपनीच नसते, मग ‘आसपास’ कुठून येणार? ही गोष्ट मला फार लागते, आणि ती मी प्रत्येक अर्जात स्वच्छ शब्दांत लिहिते. एका कंपनीच्या अधिकाऱ्यांनी ते वाचून फोन केला. त्यांना तेवढ्यावरून निधी देता आला नाही, पण दुसऱ्या न्यासाकडे आमचं नाव त्यांनीच सुचवलं.

एका मोठ्या फाउंडेशनला काम मनापासून आवडलं होतं. दोन बैठका झाल्यावर कळलं की त्यांच्याकडचा पैसा परदेशातून येतो. एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्यात २०२०मध्ये बदल झाल्यापासून असा पैसा एका संस्थेला दुसऱ्या संस्थेकडे देता येत नाही, दुसरीकडे स्वतःची एफसीआरए नोंदणी असली तरीही. तेव्हापासून पहिल्याच फोनवर मी विचारते की आपला निधी देशी आहे की परदेशी. यात संकोच करण्यासारखं काही नाही.

संकल्पना टिपण दोन पानांचं मागतात. त्यात मी संस्थेचा इतिहास दोन ओळींत संपवते. बाकी जागा प्रश्नाला: कोणत्या गावातून किती कोयते (ऊसतोडीला जाणाऱ्या नवरा-बायकोच्या जोड्या) जातात, किती मुलं बरोबर जातात, किती मागे राहतात, हंगाम संपून परत आल्यावर किती जणांची हजेरी तुटलेली असते. ही आकडेवारी आमच्या कार्यकर्त्यांनी घरोघर जाऊन वहीत लिहिलेली होती. ती वही हीच आमची खरी ताकद ठरली. ‘सर्वांगीण विकास’, ‘सक्षमीकरण’ हे शब्द मी टिपणातून काढून टाकले. वाचणाऱ्याच्या टेबलावर ते शब्द दिवसभर येत असतात.

आता अंदाजपत्रक. याबद्दल जरा सविस्तर सांगायला हवं, कारण लहान संस्था इथेच स्वतःला मारून घेतात. अनुदान मिळावं म्हणून पगार कमी दाखवायचे, हिशेबनिसाचा खर्च लिहायचाच नाही, प्रवास कार्यकर्त्यांनी खिशातून करायचा, अशी एक रीत पडून गेली आहे. आम्ही तसं करायचं नाही असं ठरवलं. अभ्यासवर्ग घेणाऱ्या ताया गावातल्याच, बहुतेक बारावी झालेल्या, काही स्वतः लहानपणी तोडीवरच्या पाचटाच्या कोपीत, म्हणजे झोपडीत, वाढलेल्या. त्यांचं काम संध्याकाळच्या दोन तासांत संपत नाही. एखादं मूल तापलं तर आजी त्यांच्याच दारात येते. हे काम मानधनाच्या नावाखाली अर्ध्या पैशांत घ्यायचं आणि वर त्याला सेवा म्हणायचं, हे मला मान्य नाही.

एका न्यासाचे कार्यक्रम अधिकारी फोनवर म्हणाले, “मॅडम, पगाराचा भाग जास्त वाटतो. टॅब घेऊया का? बोर्डाला दाखवता येतात.” मी म्हटलं, “सर, टॅब सुरू करून देणारी ताईच आमचा कार्यक्रम आहे. ती नसली तर टॅब कपाटात जातील.” ते थोडं थांबले आणि म्हणाले, हे वाक्य असंच अर्जात लिहा. मी लिहिलं.

कंपन्यांकडून आणखी एक मुद्दा पुन्हा पुन्हा येतो: प्रशासकीय खर्च ५ टक्क्यांच्या वर चालणार नाही. सीएसआर नियमांतली ती ५ टक्क्यांची मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर विभागाच्या खर्चावर आहे. प्रकल्पाची आखणी, अंमलबजावणी, देखरेख यांचा थेट खर्च त्यात धरलेलाच नाही, आणि काम करणाऱ्या संस्थेच्या खर्चाला ती मर्यादा लागू होत नाही. मंत्रालयाने २०२१च्या प्रश्नोत्तरांत हे स्पष्ट केलं आहे. आम्ही त्याची प्रत जोडायला लागलो. काहींनी तरीही आपलं धोरण म्हणून मर्यादा ठेवली, तो त्यांचा अधिकार. पण कायद्याचं नाव सांगून कुणी हिशेबनिसाचा पगार कापायला लागलं, तर नियम आपल्याला माहीत असलेला बरा.

सगळ्यात अवघड गाठ वेळापत्रकाची. कंपनीचं आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपतं. ऊसतोडीचा हंगाम ऑक्टोबर-नोव्हेंबरात सुरू होतो आणि पाऊसपाण्याप्रमाणे मार्च-एप्रिलपर्यंत जातो. प्रस्ताव जूनमध्ये दिला तर मंजुरी जानेवारीत येते, पैसे फेब्रुवारीत, आणि महिन्याभरात ते खर्च करून दाखवा म्हणतात. तोवर मुलांचं वर्ष निघून गेलेलं असतं. याला कायद्यात वाट आहे. कंपनी एखादा प्रकल्प ‘चालू प्रकल्प’ म्हणून मंजूर करू शकते. तो सुरू झाल्याचं वर्ष सोडून तीन वर्षांपर्यंत चालतो, आणि न खर्चलेली रक्कम वर्ष संपल्यावर तीस दिवसांत वेगळ्या खात्यात ठेवली की पुढे वापरता येते. आम्ही प्रस्तावाच्या पहिल्याच पानावर हंगामाचा तक्ता टाकला: कोणत्या महिन्यात टोळ्या जातात, कधी ताया नेमाव्या लागतात, कधी पैसा हातात हवा. देणाऱ्यांशी बोलणं या तक्त्यानंतर एकदम बदललं. तोवर त्यांना आम्ही घाई करतोय असं वाटायचं.

पाहणीसाठी यायचं तर डिसेंबर-जानेवारीतच या, असा आग्रह मी धरला. जूनमध्ये आमची गावं इतर गावांसारखीच दिसतात. हंगामात दारांना कुलपं असतात आणि ओट्यांवर फक्त म्हातारी माणसं आणि मुलं. न्यासाच्या दोघी आल्या तेव्हा आम्ही फलक लावले नाहीत, स्वागतगीत ठेवलं नाही. रोजचा वर्ग रोजच्या वेळी झाला. एका आजीला त्यांनी विचारलं, वर्ग नसता तर काय केलं असतं? आजी म्हणाली, “नेलं असतं की संगं. मला कुठं वाचता येतंय, म्या काय शिकवणार त्याला?” अहवालात त्यांनी हेच उत्तर घातलं होतं, असं नंतर समजलं.

नकार बरेच आले. काहींकडून उत्तरच आलं नाही. उत्तर आलं तिथे मी कारण विचारलं, आणि बहुतेकांनी सांगितलं. भाग आमच्या यादीत नाही, यंदा आरोग्यावर भर आहे, रक्कम आमच्यासाठी फार लहान आहे. हे शेवटचं कारण ऐकून मला आश्चर्य वाटलं होतं, पण ते खरं आहे. छाननीचा खर्च लहान अनुदानालाही तेवढाच येतो, म्हणून मोठे देणारे लहान अर्ज टाळतात. अशांकडे जायचं तर शेजारच्या संस्थेबरोबर मिळून जावं लागतं.

शेवटी पाहणीला आलेल्या त्या न्यासाने होकार दिला, मागितल्यापेक्षा कमी रकमेला. कार्यकारिणीत पुष्कळ वेळ बोलणं झालं. पगार कमी करून सगळी गावं घ्यायची, की गावं कमी करून पगार तेवढेच ठेवायचे? आम्ही गावं कमी केली. वगळलेल्या गावांत जाऊन तसं सांगणं फार जड गेलं. एका सरपंचांनी शाळेची खोली आणि विजेचा खर्च देऊ केला, त्यामुळे तिथला वर्ग देणग्यांवर चालू ठेवता आला. इतर ठिकाणी थांबला.

करारात दर तिमाहीचा अहवाल आणि हप्त्याआधी सनदी लेखापालांचा उपयोगिता दाखला, म्हणजे पैसा ठरल्या कामावरच खर्च झाल्याचा दाखला, आहे. अनुदानासाठी वेगळी खातेवही ठेवली की हे कठीण जात नाही. तायांची नेमणूकपत्रं यंदा दिवाळीच्या आधी निघाली. वगळलेल्या गावांसाठी नवा अर्ज दुसऱ्या न्यासाकडे गेला आहे, तोच हंगामाचा तक्ता पहिल्या पानावर ठेवून.