लॉरा व्हीआरएसच्या इंजिनातली काजळी: पार्किंगमध्ये चाललेले अकरा दिवसांचे काम

माझ्याकडे २०१२ सालची स्कोडा लॉरा व्हीआरएस आहे. १.८ लिटरचे टर्बो पेट्रोल इंजिन, १६० अश्वशक्ती, २५० न्यूटन-मीटर टॉर्क आणि सहा गिअरचा मॅन्युअल गिअरबॉक्स. आपल्याच छत्रपती संभाजीनगरजवळच्या शेंद्र्याच्या कारखान्यात जोडलेल्या या गाडीत मला पहिल्यापासून आवडत आली आहे ती तिची खेच. १५०० आरपीएमच्या आसपास टर्बो जागा होतो आणि तिथून पुढे गाडी एका दमात ओढत राहते. गाडी ९२ हजार किलोमीटरला पोहोचली तेव्हा ही खेच कमी झाली होती. सकाळी थंड इंजिन सुरू केले की पहिली दोन मिनिटे गाडी मिसिंग मारायची, सिग्नलला उभी असताना स्टिअरिंगमध्ये बारीक थरथर जाणवायची आणि चढावर पिकअप घेताना मध्येच क्षणभर अडखळल्यासारखे व्हायचे. स्कॅनर लावला तेव्हा दोन कोड मिळाले. पी ०३०० म्हणजे कोणत्याही सिलिंडरमध्ये अनियमितपणे होणारे मिसफायर, म्हणजे इंधन नीट न पेटणे, आणि पी ०३०२ म्हणजे दुसऱ्या सिलिंडरमधले.

ओळखीच्या अनेकांनी मला थेट ईसीयू रिमॅप, म्हणजे ताकद वाढवण्यासाठी इंजिनाच्या संगणकाच्या आज्ञावलीत बदल, करून घेण्याचा सल्ला दिला. मी तो मानला नाही. गाडीत मूळ तपशिलापासून फरक करण्यावर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ ची बंधने आहेत, ही एक गोष्ट झाली. त्याहून मोठे कारण असे की, माझा संशय आत साचलेल्या काजळीवर होता आणि ज्या इंजिनाला पुरता श्वासच घेता येत नाही, त्याच्यावर टर्बोचा दाब वाढवून काहीही साधत नाही. आधी कारखान्यातून निघाली तेव्हाची ताकद परत मिळवायची आणि मगच सुधारणांचा विचार करायचा, हा क्रम मी ठरवला आणि तो शेवटपर्यंत पाळला.

काजळी का साचते हे नीट समजून घेतल्याशिवाय मी बोल्टला पाना लावला नाही. जुन्या पद्धतीच्या इंजिनात पेट्रोलचा फवारा हवा आत घेणाऱ्या इनटेक व्हॉल्व्हच्या पाठीवर पडतो आणि तिथला मळ आपोआप धुतला जातो. या इंजिनात इंजेक्टर पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारतो, त्यामुळे व्हॉल्व्हच्या पाठीला पेट्रोलचा स्पर्शच होत नाही. पिस्टन रिंगांमधून खाली निसटणारे वायू ऑइलचे बाष्प बरोबर घेऊन ब्रीदरच्या, म्हणजे ते वायू बाहेर काढणाऱ्या नळीच्या, वाटेने पुन्हा इनटेकमध्ये येतात, ते बाष्प तापलेल्या व्हॉल्व्हवर बसते आणि भाजून घट्ट होते. हा एखाद्या कंपनीचा दोष नव्हे. केवळ थेट फवारणीवर चालणाऱ्या बहुतेक इंजिनांत कमीअधिक प्रमाणात हे होतेच. पेट्रोलच्या टाकीत ओतायच्या बाटल्यांवर लोक हजारो रुपये खर्च करतात. इंजेक्टर स्वच्छ राहायला त्यांचा उपयोग होत असेल, पण जे पेट्रोल व्हॉल्व्हच्या पाठीपर्यंत जातच नाही, त्यात काहीही मिसळले तरी तिथली काजळी निघणार नाही.

काम दिवाळीच्या सुट्टीत काढले. पुण्यात तेव्हा हवा कोरडी असते आणि आमच्या सोसायटीचे पार्किंग बरेचसे मोकळे असते. गाडी रात्रभर थंड होऊ दिली. इंधन पंपाचा फ्यूज काढून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवले, म्हणजे इंजेक्टरना पेट्रोल पुरवणाऱ्या रेल या नळीतला दाब उतरतो, आणि त्यानंतर बॅटरी सोडवली. चालू इंजिनात हा दाब शंभर बारच्या वर जात असल्याने या पायरीत घाई करणे धोक्याचे आहे. शेजारी अग्निशामक ठेवला होता आणि नळीचा पहिला नट ढिला करताना तिच्याभोवती जाड फडके गुंडाळले होते.

इनटेक मॅनिफोल्ड, म्हणजे चारही सिलिंडरना हवा वाटून देणारा नळ्यांचा भाग, रेडिएटरच्या बाजूला असल्यामुळे वरचे बोल्ट सहज हाताशी येतात. खालचा आधाराचा ब्रॅकेट मात्र दिसतही नाही; तिथे बोटांच्या अंदाजानेच काम करावे लागते आणि माझा दीड तास त्यातच गेला. मॅनिफोल्ड ओढून काढला तेव्हा तीन इंजेक्टर इंजिनाच्या वरच्या भागात, म्हणजे हेडमध्येच राहिले आणि चौथ्या सिलिंडरचा रेलबरोबर बाहेर आला. असे होऊ शकते हे मला माहीत होते, पण इंजेक्टर निघाल्यावर बदलावी लागणारी त्याची सील आधीच मागवून ठेवली नव्हती आणि कामाचे पुढचे पाच दिवस त्यापायी गेले.

टॉर्च लावून मी पहिल्यांदा पोर्टच्या, म्हणजे हेडमधल्या हवेच्या वाटेच्या, आत पाहिले. व्हॉल्व्हची दांडी गुळगुळीत आणि सरळ असायला हवी. तिच्याभोवती काळ्या, खरबरीत, चुलीच्या भिंतीवर वर्षानुवर्षे धरते तशा काजळीचा गड्डा झाला होता. लाकडी काडीने टोचले तर वरचा थर ओलसर आणि चिकट लागला, तर खालचा दगडासारखा टणक. दुसऱ्या सिलिंडरच्या डाव्या व्हॉल्व्हवर तो इतका जाड होता की हवेची वाट अर्ध्याने अडली असावी. पी ०३०२ या कोडचे उत्तर तिथे माझ्या डोळ्यांसमोर होते.

ज्या सिलिंडरवर काम करायचे, त्याचे दोन्ही इनटेक व्हॉल्व्ह पूर्ण बंद असले पाहिजेत. नाहीतर मळ थेट पिस्टनवर पडतो. इंजिन फिरवण्यासाठी चारही स्पार्क प्लग काढले, गाडी सहाव्या गिअरमध्ये टाकली, पुढचे एक चाक जॅकवर उचलले आणि थोरल्या भावाला ते हाताने फिरवायला बसवले. चाक फक्त पुढच्याच दिशेने फिरवायचे हे मी त्याला दोनदा बजावले होते. या इंजिनात टायमिंग चेनचा ताण ऑइलच्या दाबावर टिकतो. बंद इंजिन उलटे फिरवले तर चेन ढिली पडून दाता चुकण्याची भीती असते. बाकीच्या तीन पोर्टमध्ये क्रमांक घातलेले फडक्याचे बोळे घट्ट बसवून ठेवले होते.

पहिल्या सिलिंडरचे काम सुरळीत झाले. पोर्टमध्ये काजळी सैल करणारा क्लीनर भरायचा, वीस मिनिटे भिजू द्यायचा, नायलॉनच्या ब्रशने घासायचे, व्हॅक्यूमने ओढून घ्यायचे आणि फडक्याने पुसायचे. अशा चार फेऱ्या झाल्या. दुसऱ्या सिलिंडरमध्ये क्लीनर ओतला आणि मी ब्रश धुवायला वळलो, तेवढ्यात दादा म्हणाला, "अरे, हे खाली चाललंय बघ. आत्ता काठोकाठ होतं." मी येऊन पाहिले तर पातळी बोटभर उतरली होती. डावा व्हॉल्व्ह पूर्ण बंद नव्हता; त्याच्यावरच्या गड्ड्यामुळे मला ते वरून कळले नव्हते.

हा प्रसंग मी मुद्दाम सविस्तर लिहीत आहे, कारण इथे इंजिन कायमचे जाऊ शकते. द्रव दाबला जात नाही. सिलिंडरमध्ये द्रव असताना स्टार्टर मारला, तर वर येणारा पिस्टन त्याला धडकतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. मी काम जागीच थांबवले. प्लगच्या भोकातून मोठ्या सिरिंजला पातळ नळी जोडून आत होते तेवढे ओढून घेतले. तरीही काही भाग रिंगांमधून खाली ऑइलमध्ये उतरला असणार, हे गृहीत धरून ऑइल आणि फिल्टर दोन्ही बदलायचे तिथेच नक्की केले. त्यानंतर प्रत्येक सिलिंडरसाठी एक नियम ठेवला: आधी चमचाभरच द्रव ओतायचा, पाच मिनिटे पाहायचे आणि पातळी हलली नाही तरच पुढे जायचे.

दुसऱ्या आणि तिसऱ्या सिलिंडरमधला टणक थर ब्रशला दाद देईना. त्यासाठी फर्निचर रंगवणाऱ्या एका मित्राचा मोठा कॉम्प्रेसर एका दिवसासाठी आणला आणि अक्रोडाच्या कवचाची भरड हवेच्या झोताने मारली. ही भरड काजळी उडवण्याइतकी कठीण असते, पण व्हॉल्व्हच्या धातूवर ओरखडा उठत नाही. वाळूचा प्रयोग मात्र कुणी चुकूनही करू नये. तिचा एक कण मागे राहिला तरी सिलिंडरच्या भिंती खरवडल्या जातात. दहा-दहा सेकंदांचे झोत आणि शेजारी सतत चालू असलेला व्हॅक्यूम, असे अर्धा तास चालले. त्यानंतर व्हॉल्व्हची करडी, चकचकीत दांडी आणि तिच्या तळाची गोलाई पहिल्यांदाच स्वच्छ दिसली. दादाने मोबाइलच्या उजेडात ती किती तरी वेळ पाहिली.

सुट्या भागांच्या दुकानाने आधी चुकीचे गॅस्केट पाठवले आणि योग्य गॅस्केट व टेफ्लॉनची सील हाती यायला पाच दिवस लागले. तोवर पोर्टवर बोळे आणि त्यांवर चिकटपट्टी लावून गाडी झाकून ठेवली. टेफ्लॉनची रिंग इंजेक्टरवर चढवताना ताणली जाते, म्हणून ती मूळ मापावर दाबून आणावी लागते आणि कोरडीच बसवावी लागते. तिला ऑइल किंवा ग्रीस लावायचे नसते. मी चारही इंजेक्टरची सील बदलली. एकदा मॅनिफोल्ड उतरवल्यावर तीन जुनी तशीच ठेवण्यात शहाणपण नव्हते.

जोडणी करतानाच सुधारणा केल्या. ब्रीदर व्हॉल्व्हचा पडदा फाटलेला निघाला, तो नवा घातला. जुन्या इग्निशन कॉइलच्या रबराला चिरा गेल्या होत्या, म्हणून ऑडी आर८ च्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या लाल टोपीच्या कॉइल आणि नवे स्पार्क प्लग बसवले. या कॉइलने अश्वशक्ती वाढते असे मी म्हणणार नाही. टर्बोच्या पूर्ण दाबाखाली ठिणगी पक्की पडते, एवढाच त्यांचा उपयोग. ब्रीदरच्या नळीच्या वाटेत ऑइलचे बाष्प अडवणारा डबा, म्हणजे कॅच कॅन बसवला. तो बंदिस्त ठेवला आहे, म्हणजे ऑइल खाली साचते आणि उरलेली हवा इनटेकमध्येच परत जाते. बाष्प बाहेर सोडणारी जोडणी स्वस्तात होते, पण त्याने हवा खराब होते आणि ते मला पटत नाही. मॅनिफोल्डचे बोल्ट टॉर्क रेंचनेच, ९ न्यूटन-मीटरवर आवळले. हेड ॲल्युमिनिअमचे आहे. हाताच्या अंदाजाने जोर लावला आणि आटा गेला, तर सगळे काम वाया जाते. शेवटी बोळे मोजले: चार घातले होते, चार परत आले.

नवे ५डब्ल्यू-४० ऑइल भरले. प्लग बसवण्याआधी इंजिन स्टार्टरवर थोडे फिरवून सिलिंडर कोरडे असल्याची खात्री केली. कॉइलची आणि इंजेक्टरची जोडणी तेव्हा सोडवलेलीच होती. मग सगळे जोडून अकराव्या दिवशी सकाळी चावी फिरवली. पहिली वीस सेकंद पांढरा धूर आला, इंजिन दोनदा अडखळले आणि मग त्याचा आवाज एकसारखा झाला. मी स्टिअरिंगवर हात ठेवून बसलो होतो. थरथर नव्हती. स्कॅनरवरचा मिसफायरचा आकडा चारही सिलिंडरसाठी शून्यावर होता आणि अर्ध्या तासानेही तो हलला नाही.

त्या रविवारी पहाटे दादाला घेऊन साताऱ्याच्या दिशेने निघालो. खंबाटकी घाटाच्या चढावर तिसऱ्या गिअरमध्ये १८०० आरपीएमवरून पाय दाबला, तेव्हा ती जुनी, एका दमातली खेच होती तशी परत मिळाली.

त्यानंतर दर हजार किलोमीटरला मी कॅच कॅन रिकामा करतो. उन्हाळ्यात दोन-तीन चमचे काळपट ऑइल निघते. जुलैत पाण्याचा अंश मिसळून तेच चहाच्या रंगाचे आणि फेसाळ झालेले असते. प्रत्येक वेळचे माप मी वहीत लिहून ठेवतो. वीस हजार किलोमीटर झाले की मॅनिफोल्ड न उतरवता बोअरस्कोप, म्हणजे बारीक नळीवरचा कॅमेरा, घालून दुसऱ्या सिलिंडरचा तो डावा व्हॉल्व्ह पुन्हा पाहणार आहे.