सीइंग आकड्यात धरताना

‘आज सीइंग कसं आहे?’, म्हणजे हवेच्या थरथरीमुळे दुर्बिणीतली प्रतिमा किती स्थिर दिसते, याला माझं उत्तर बरीच वर्षं ‘बरं आहे’ नाहीतर ‘गुरू नुसता उकळतोय’ एवढंच असायचं. ते आकड्यात सांगायचं ठरवलं आणि डिमच्या नादी लागलो. डिम म्हणजे डिफरन्शियल इमेज मोशन मॉनिटर. साराझँ आणि रॉदिए यांनी 1990 मध्ये ही पद्धत सविस्तर मांडली.

एकाच प्रतिमेची थरथर मोजून भागत नाही. वाऱ्याने हललेला ट्रायपॉड, माऊंटच्या (दुर्बीण पेलून ताऱ्यामागे फिरवणाऱ्या बैठकीच्या) गिअरचे हिसके, सगळंच त्यात मिसळतं. म्हणून दुर्बिणीच्या तोंडावर दोन भोकांचं झाकण लावायचं आणि एका भोकावर अगदी कमी कोनाचा, पाचरीसारखा प्रिझम बसवायचा. एकाच ताऱ्याच्या दोन प्रतिमा शेजारी शेजारी पडतात. माऊंट हादरला तर दोन्ही एकदम सरकतात. त्यांच्यातलं अंतर मात्र हवाच बदलते. किती साधी युक्ती!

माझी दुर्बीण 200 मिमीची. भोकं 50 मिमीची, केंद्रांमध्ये 140 मिमी अंतर, म्हणजे मधला दुय्यम आरसा आड येत नाही. प्रिझम न लावता फोकस थोडा बिघडवूनही दोन ठिपके मिळतात, पण नळी गार होत जाते तसं फोकसबरोबर त्यांचं अंतरही सरकत राहतं. प्रिझमचा खर्च वसूल होतो.

एक पिक्सेल आकाशात किती कोनाचा ते काढायला ट्रॅकिंग (ताऱ्यामागे फिरणं) बंद करून तारा वाहू दिला. स्वाती सेकंदाला साधारण 14.2 विकला (विकला म्हणजे अंशाचा 3600वा भाग) सरकते. तेवढ्या वेळात किती पिक्सेल ओलांडले ते मोजलं की झालं.

खरी डोकेदुखी एक्स्पोजरची. ते लांबलं की थरथर फ्रेममध्येच पुसली जाते आणि सीइंग आहे त्याहून चांगलं दिसतं. म्हणून 5 आणि 10 मिलिसेकंदांच्या फ्रेम आलटून पालटून घेतो. वरच्या थरांत वारा जोरात असला की दोन्हींची उत्तरं फटकून वागतात. इतक्या छोट्या एक्स्पोजरला तेजस्वी ताराच लागतो, आणि कॅमेऱ्याच्या नॉइजमुळे केंद्रबिंदूत येणारा चढउतार वजा करावा लागतो.

आकड्यांवर विश्वास बसला तो एका तपासणीमुळे. भोकांना जोडणाऱ्या रेषेच्या दिशेतली थरथर तिच्या काटकोनातल्या दिशेपेक्षा जास्त असायला हवी. माझ्या भोकांच्या मापांना या दोन दिशांतल्या व्हेरियन्सचं (चढउताराच्या वर्गाच्या सरासरीचं) गुणोत्तर सुमारे 1.45 येतं. ते फारच वेगळं आलं तर त्या रात्रीची मोजणी सरळ बाद.

यातून फ्रीड पॅरामीटर निघतो, म्हणजे हवा प्रतिमा फारशी बिघडवत नाही एवढ्या भोकाचा व्यास. हिरव्या प्रकाशात तो 10 सेंमी म्हणजे सीइंग साधारण 1 विकला. तारा 30 अंश उंचीवर असेल तर खस्वस्तिकाच्या (थेट डोक्यावरच्या बिंदूच्या) तुलनेत सीइंग दीडपट वाईट दिसतं, तेही दुरुस्त करून घ्यायचं. आता 2 विकलांच्या वर आकडा गेला की ग्रहांचा नाद सोडून मी तारकागुच्छांकडे वळतो.