प्रत्येक मॅलॉक एकदा पाडून बघा

अँड्रॉइड असो वा आयफोन, एसक्यूलाइट हा छोटा डेटाबेस आत असतोच. तो लिहिणाऱ्या रिचर्ड हिप यांची कामाची पद्धत नव्या डेव्हलपरने कुठलंही फ्रेमवर्क शिकण्याआधी समजून घ्यावी, असं मला मनापासून वाटतं.

हिप यांनी 1992 साली ड्यूक विद्यापीठातून पीएच.डी. केली. पुढे अमेरिकी नौदलाच्या विनाशिकेसाठी ते सॉफ्टवेअर लिहीत होते. डेटा इन्फॉर्मिक्स या डेटाबेसच्या सर्व्हरवर होता. सर्व्हर बंद पडला की पडद्यावर एरर यायची, आणि ती दाखवणाऱ्या प्रोग्रामवर खापर फुटायचं. मग मध्ये सर्व्हर हवाच कशाला, थेट डिस्कवरची फाइल का वाचू नये, हा प्रश्न पडला. ऑगस्ट 2000 मध्ये एसक्यूलाइटची पहिली आवृत्ती आली. तिची साठवण जीडीबीएम या तयार लायब्ररीवर होती; स्वतःचं बी-ट्री, म्हणजे डेटा पटकन शोधता येईल अशी फाइलमधली मांडणी, पुढच्या वर्षी, 2.0 मध्ये आलं.

खरी शिकण्यासारखी गोष्ट आहे टेस्टिंगची. विमानातल्या सॉफ्टवेअरच्या डीओ-178बी नियमावलीत सर्वांत कडक पातळीला एमसी/डीसी कव्हरेज लागतं; कोडमधल्या अटी टेस्टनी किती तपासल्या, याचं हे एक माप. हिप यांनी ते एसक्यूलाइटला लावलं, तेही शंभर टक्के. समजा अट अशी आहे: शिल्लक पुरेशी आहे आणि खातं चालू आहे. ब्रँच कव्हरेज या सौम्य मापात पूर्ण अट एकदा खरी आणि एकदा खोटी ठरली की झालं, म्हणून दोनच टेस्ट पुरतात: दोन्ही खरं, आणि शिल्लक अपुरी. उद्या कुणी ‘खातं चालू आहे’ हा भाग चुकून उडवला, तरी दोन्ही टेस्ट पास होतील आणि बंद खात्यातून पैसे जातील. एमसी/डीसीत तिसरी टेस्ट लागतेच: शिल्लक पुरेशी, पण खातं बंद. अटीतला प्रत्येक तुकडा एकट्याच्या बळावर निकाल बदलतो, हे दाखवावं लागतं.

त्याहून मोलाची वाटते ती मेमरी संपल्याची टेस्ट. मॅलॉक म्हणजे सी भाषेत मेमरी मागायचं फंक्शन. त्याच्या जागी आपलं फंक्शन बसवायचं आणि कितव्यांदा मेमरी मागितली याची मोजणी त्यात ठेवायची. पहिल्या फेरीत पहिलं ॲलोकेशन, म्हणजे मेमरीची पहिली मागणी, नाकारायचं, दुसऱ्या फेरीत दुसरं, असं काम विनाअडथळा पूर्ण होईपर्यंत. हे सगळं दोनदा: एकदा फक्त तेवढंच ॲलोकेशन नाकारून, एकदा तिथून पुढची सगळीच. डिस्कवर लिहिताना येणाऱ्या चुकांनाही हीच युक्ती, आणि नंतर इंटिग्रिटी चेक ही डेटाबेसची तपासणी चालवून फाइल शाबूत आहे का ते बघायचं. एरर हाताळणारा कोड एरवी महिनोन्महिने चालतच नाही, म्हणून बग तिथेच दडून बसतात.

हे आपल्या कोडमध्ये करायला मोठी तयारी लागत नाही. फाइलमध्ये लिहिणारं एखादं फंक्शन घ्या, त्यातल्या ओपन, राइट, सिंक, रिनेम या कॉल्सभोवती पातळ आवरण घाला आणि मोजणी तिथे ठेवा. दर फेरीआधी मोजणी शून्यावर आणा आणि टेस्टची फाइल नव्याने बनवा. नाहीतर आधीच्या फेरीची अर्धवट फाइल पुढच्या फेरीत गोंधळ घालते.

हमखास चूक होते ती फेऱ्या कधी थांबवायच्या यात. ‘फंक्शनने यश कळवलं की थांबा’ असं लिहिलं, आणि फंक्शन एरर गिळून यशच कळवत असेल, तर पहिल्याच फेरीत सगळं हिरवं दिसतं. म्हणून फंक्शनच्या उत्तरावर थांबू नका. आवरणाला विचारा: या फेरीत एकही कॉल नाकारला गेला का? नसेल, तर थांबा. गेला असेल आणि तरीही यश कळवलं असेल, तर तिथे टेस्ट नापास करा.